१९९७ची माझी गाणी आणि दोन थरांमधली फट

प्रश्न : “सर, तुमच्या स्टुडिओत बसलं की बोलता बोलता १९९७ साल येतंच. त्या एका वर्षातली ऑल्टरनेटिव्ह रॉकची तुमची गाणी कोणती? नुसती यादी नको, ती तुमची का झाली ते सांगा.”

तू हे विचारलंस तेव्हा आपण तुझ्या गाण्याचे ड्रम्स ग्रिडवर बसवत होतो. प्रत्येक ठोका स्क्रीनवरच्या उभ्या रेघेला चिकटवत होतो आणि मी ‘नंतर सांगतो’ म्हणालो. खरं तर उत्तर तिथेच, त्या रेघांपाशी होतं. म्हणून सवडीने लिहितोय.

मी मिरजेचा. १९९७ साली वीस वर्षांचा होतो, सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली पाच मिनिटांवर. दारात वाळत ठेवलेले भोपळे, तारा जुळवण्याचा अखंड आवाज, दर्ग्यातल्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्ररात्र चालणारं गाणं, हे माझं कानांचं बालपण. रॉक आलं ते होस्टेलवरच्या मुंबईच्या एका मित्रामुळे. तो सुट्टीहून येताना काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून कॅसेट आणायचा आणि आम्ही त्यावरून नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेट भरून घ्यायचो. बाकी मग केबलवर एमटीव्ही आणि चॅनल व्ही. गाणं कधी लागेल याचा नेम नाही, म्हणून लागलं की हातातलं काम टाकून ऐकायचं.

पहिलं गाणं रेडिओहेड या इंग्लंडच्या बँडचं ‘नो सरप्रायझेस’. ते सिंगल, म्हणजे सुटं गाणं म्हणून १९९८च्या जानेवारीत निघालं, पण ‘ओके कम्प्युटर’ हा अल्बम १९९७चा, म्हणून मी ते त्याच वर्षात धरतो. मिरज-सांगली बसमध्ये वॉकमनवर मी ते शेकडो वेळा ऐकलं असेल. नवे सेल घ्यायला पैसे नसायचे. सेल उतरले की ते खिडकीत उन्हाला ठेवायचे, आणखी दोन दिवस चालायचे. त्या दोन दिवसांत कॅसेट हळू फिरायची, सूर खाली उतरायचा, गाणं जड व्हायचं. मला ते तसंच आवडायला लागलं. बरोबर वेगात ऐकलं की काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं.

पुष्कळ वर्षांनी, या धंद्यात आल्यावर मला कळलं की बँडने या गाण्याचं वादन मुद्दाम जास्त वेगात ध्वनिमुद्रित केलं होतं. मग ते हळू करून वाजवलं आणि त्या संथ झालेल्या वादनावर गायक टॉम यॉर्कने आवाज दिला. वाद्यांवर ती जी झोपाळू साय आहे, ती वेळ ताणल्याची आहे. माझ्या उतरलेल्या सेलनी केलं तेच आधी स्टुडिओत झालेलं होतं. हे वाचलं तेव्हा मला वडील आठवले.

वडील सूतगिरणीत होते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात गिरणी बंद पडली. घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, रडलं नाही. वडील रोज सकाळी आठला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. “काही झालेलं नाही,” एवढंच म्हणायचे. ‘नो सरप्रायझेस’ची चाल अंगाईची आहे. ग्लॉकेनश्पीलचे, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या त्या छोट्या वाद्याचे, ते थेंब लहान मुलाच्या खेळण्यासारखे वाजतात आणि त्याखाली एक थकलेला माणूस आता काही धक्के नकोत एवढंच मागतो. चाल सांगते ‘सगळं ठीक आहे’, शब्द सांगतात ‘नाही’. व्हरांड्यात बसलेल्या माणसाचं नेमकं हेच चाललेलं होतं. त्यांच्याशी मी तेव्हा त्याबद्दल बोललो नाही. गाणं ऐकत राहिलो.

मला सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. त्या वर्षातली माझी सगळी गाणी अशी आहेत की त्यांत दोन थर एकमेकांवर पुरते बसत नाहीत. मधे थोडी फट राहते. जे वाटायचं ते त्या फटीतून यायचं. वीस वर्षांचा असताना मला हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण कान तिथेच जायचा.

याच अल्बममधलं ‘लेट डाउन’ घे. हे मला सगळ्यांत प्रिय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. त्यात जॉनी ग्रीनवुडची गिटार बाकीच्या वाद्यांपेक्षा वेगळ्या मात्रांत चालते. खाली चाराचा ठेका, वर पाचाची आवर्तनं. ऐकताना गणित कळत नाही, फक्त सगळं किंचित तरंगतंय, जमिनीला टेकत नाहीये असं वाटतं. मी हे आमच्या शेजारच्या तबल्याच्या गुरुजींना ऐकवलं. इंग्रजी गाणं त्यांनी आयुष्यात प्रथमच इतकं लक्ष देऊन ऐकलं असेल. डोळे मिटून, बोटांच्या पेरांवर मोजत बसले. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, “पाच आणि चार. विसाला भेटतात. भेटेपर्यंत जीव टांगणीला ठेवायचा, एवढंच केलंय त्यानं. आपल्याकडे समेला येताना हेच करतात.”

त्या दिवसापासून माझ्या डोक्यातली ‘त्यांचं’ आणि ‘आपलं’ ही भिंत गेली. दर्ग्यात ऐकलेल्या लयकारीनेच मला ऑक्सफर्डशायरच्या पोरांचं गाणं उलगडून दिलं होतं. हा माझ्या कामाचा पाया आहे, असं म्हणायला मी कचरत नाही.

या गाण्याची दुसरी गोष्ट जागेची. ‘लेट डाउन’ बाथजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट या जुन्या वाड्यात, तिथल्या नाचाच्या मोठ्या दालनात, पहाटे तीनला मुद्रित झालं. निर्माता नायजेल गॉडरिच. हेडफोन लावून पुन्हा ऐक, भिंती ऐकू येतात. आवाज कोऱ्या पोकळीतून येत नाही, कुठल्यातरी खोलीतून येतो. आज आपण आधी सगळा आवाज कोरडा करतो आणि मग सॉफ्टवेअरच्या प्लगिनने खोटी खोली लावतो. मला त्याचा तिटकारा नाही, रोज तेच करून पोट भरतो. पण जमेल तेव्हा मी माणसांना देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या रिकाम्या वर्गात, जिन्याखाली नेऊन मुद्रित करतो. तू मला मागे विचारलं होतंस की सर, एवढी यातायात कशाला? या गाण्यामुळे.

आणि शेवटच्या भागात यॉर्कचाच दुसरा आवाज वरच्या पट्टीत उगवतो, पहिल्या आवाजाला न जुमानता स्वतःची वाट धरतो. इंजिनिअरिंग आपल्याला जमतंय पण आपलं नाही, हे मला ज्या संध्याकाळी कळलं, तेव्हा मी आयर्विन पुलावर उभा होतो आणि कानात हा भाग चालू होता. खाली कृष्णा पावसाने गढूळ होऊन भरून चालली होती. घरी पगार बंद, आणि मी पदवी सोडायचा विचार करत होतो. सोडली नाही. वडिलांसाठी पूर्ण केली आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला एका स्टुडिओत केबल गुंडाळायच्या कामाला लागलो. गाण्याने निर्णय घेतला नाही. पण दोन आवाज एकाच वेळी खरे असू शकतात एवढं त्यानं दाखवलं.

फू फायटर्सच्या ‘एव्हरलाँग’बद्दल लिहिताना मला एक कबुली द्यायची आहे.

आधी वादनाचं. यात गिटारची सगळ्यांत जाड तार ई वरून डी वर उतरवतात. आम्ही होस्टेलवर कलकत्त्याच्या बनावटीच्या एका स्वस्त गिटारवर हे केलं तेव्हा सैल झालेली तार पट्टीवर झणझणायला लागली. मी ती गिटार घेऊन सरळ सतारमेकर गल्लीत गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी कानशीने घोडीवर दोन हात मारले आणि म्हणाले, “झणझण काढून टाकू नको, आटोक्यात ठेव. जवारी आहे ती.” तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या हाताने माझी गिटार सुधारली आणि कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही ‘एव्हरलाँग’ वाजवलं. प्रेक्षकांना ते कितपत रुचलं कोण जाणे, पण माझ्यासाठी ती रात्र आजही तशीच्या तशी आहे. ज्या मुलीसाठी मी ते वाजवलं ती तिसऱ्या रांगेत होती. तिला ते कधी कळलं नाही, आणि तिथेच ती गोष्ट संपते.

आता कबुली. ‘एव्हरलाँग’ ज्या अल्बममध्ये आहे, ‘द कलर अँड द शेप’, त्याचे ड्रम्स आधी बँडचा ड्रमर विल्यम गोल्डस्मिथ याने वाजवले होते. बँडचा प्रमुख डेव्ह ग्रोल याला ते पसंत पडले नाहीत. तो स्वतः आधी ‘निर्व्हाना’ या बँडचा ड्रमर. त्याने लॉस एंजेलिसमध्ये जवळजवळ सगळे पुन्हा स्वतः वाजवले. गोल्डस्मिथ बँड सोडून गेला. अल्बममध्ये त्याचं वादन नावापुरतं उरलं. ‘एव्हरलाँग’ हे गाणंच मुळी आधीचं मुद्रण झाल्यावर, १९९६च्या नाताळात लिहिलं गेलेलं. त्यातले ड्रम्स ग्रोलचेच आणि ते अफाट आहेत. हायहॅटवरची, म्हणजे ड्रमसेटच्या जोडझांजेवरची, ती अखंड धाव ऐकून कुणालाही वाटेल, त्याने केलं ते बरोबरच केलं.

मीही एकदा हेच केलं. एका गावाकडच्या बँडचं काम होतं. मुलगा मनापासून वाजवायचा, पण ठेका हलायचा. तो गेल्यावर रात्री मी दुसऱ्या वादकाला बोलावून तीन गाण्यांचे ड्रम्स नव्याने घेतले आणि त्याला सांगितलं नाही. गाणी चांगली झाली. प्रकाशनाच्या दिवशी तो मुलगा स्पीकरसमोर उभा राहून ऐकत होता. तिसऱ्या गाण्याला त्याने माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. त्याला कळलं होतं. त्यानंतर तो कधी स्टुडिओत आला नाही, आणि मी माफी मागायला गेलो तोवर त्याने ड्रमसेट विकला होता. चूक संपूर्ण माझी. ग्रोलची गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती, तरीही मी ती चूक केली.

म्हणून माझ्या स्टुडिओत एक नियम आहे, तुला तो अनुभवाने माहीत आहे: वादकाचं वाजवणं बदलायचं असेल तर तो समोर बसलेला असताना, त्याला विचारून. तुझ्या ड्रमरला मी परवा पुण्यापर्यंत का बोलावलं, ते आता कळलं असेल. ‘एव्हरलाँग’ मी आजही ऐकतो. ते प्रेमाचं गाणं आहे आणि मला त्यात आता एक तिसरा माणूस ऐकू येतो, जो त्यात नाही.

‘साँग टू’ टाळलं तर तू रागावशील. ब्लरचं ते गाणं दोन मिनिटं दोन सेकंदांचं, अल्बममधलं दुसरं, ब्रिटनच्या यादीतही दुसऱ्या क्रमांकावर गेलेलं. अंगात आलं की वाजवायचं. त्यात माझ्यासाठी आत शिरण्याजोगं काही नाही, आणि गाणं तसं असावं हेही चांगलंच आहे.

द व्हर्वचं ‘बिटरस्वीट सिम्फनी’ सगळ्यांच्या यादीत असतं. माझ्याही आहे, पण धडा म्हणून जास्त. रोलिंग स्टोन्सचं १९६५चं ‘द लास्ट टाइम’ हे गाणं त्यांचे मॅनेजर अँड्र्यू ओल्डम यांच्या वाद्यवृंदाने वाजवलं होतं. डेव्हिड व्हिटेकर यांनी बांधलेल्या त्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा व्हर्वने घेतला. परवानगी घेऊन. नंतर हक्क सांभाळणाऱ्यांनी दावा केला की ठरल्यापेक्षा जास्त वापरलंय. परिणाम असा की रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्टने लिहिलेल्या, गायलेल्या गाण्याची लेखनाची सगळी रॉयल्टी दुसरीकडे गेली. २०१९च्या मे महिन्यात स्टोन्सच्या मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी आपला वाटा आणि श्रेय सोडलं, तेव्हा ते गाणं त्याला परत मिळालं. बावीस वर्षं! तू तुझ्या गाण्यात जुन्या भावगीताचा चार सेकंदांचा तुकडा टाकायचं म्हणत होतास ना? कागद आधी. शब्दन् शब्द लिहून घे, किती सेकंद, किती वेळा, कुठल्या रूपात. मग गाणं. आणि हो, व्हायोलिनच्या एका ओळीवर अख्खं गाणं न बदलता चालत राहतं, तरी कंटाळा येत नाही, याचा अभ्यास कर. खाली घुमणारा तोच तो आधार आणि वर माणसाची तडफड. तंबोरा घेऊन बसणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

एलियट स्मिथच्या ‘बिटविन द बार्स’वर मी थोडकंच लिहिणार आहे, कारण त्यात दुसऱ्या माणसाची गोष्ट आहे. ‘आयदर/ऑर’ हा अल्बम १९९७च्या फेब्रुवारीत एका छोट्या लेबलवर निघाला. बराचसा घरांमधून, मोजक्या साधनांवर स्मिथने स्वतः मुद्रित केलेला. गाणं अडीच मिनिटांचंही नाही. चाल झुलती, आपल्याकडच्या दादऱ्यासारखी. आवाज दोनदा घेतलाय: तीच ओळ, तोच माणूस, तीच कुजबुज, दोन वेगळे टेक एकमेकांवर ठेवलेले. ते पूर्ण जुळत नाहीत. एखाद्या शब्दातला ‘स’ अंमळ आधी येतो, श्वास थोडा उशिरा. त्यामुळे असं वाटतं की एक माणूस तुमच्या कानाशी आहे आणि दुसरा त्याच्याही आत आहे.

आणि गाण्यात कोण बोलतंय? दारू बोलतेय. प्रेयसीसारखी, समजूत काढत, ‘मी तुला सांभाळीन’ म्हणत. माझ्या चुलत भावाशी ती तशीच बोलायची. आम्ही सगळे त्याच्याशी भांडायचो, शपथा घालायचो, बाटल्या फोडायचो. ती मात्र कधीच ओरडली नाही. हे गाणं ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आम्ही कुणाशी स्पर्धा करत होतो. तो २००१ साली गेला. त्याआधीचं एक वर्ष मी त्याच्याशी भांडलो नाही, शेजारी बसायचो. एवढं या गाण्याने मला दिलं. मिक्स करताना दोन टेक कधी पूर्ण जुळवायचे नाहीत हेही दिलं, पण ते नंतर.

आता शेवटचं, आणि हे आमच्या गावाचं. कॉर्नरशॉपचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’.

आशा म्हणजे आशा भोसले. सांगलीत जन्मलेल्या आशाताई. बँड इंग्लंडचा. गाणारा आणि लिहिणारा तजिंदर सिंग पंजाबी कुटुंबातला, वुल्व्हरहॅम्प्टनचा. ब्रिटनमध्ये कोपऱ्यावरचं दुकान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आशियाई दुकानदार यायचा, तेच नाव त्यांनी बँडला दिलं. गाणं १९९७च्या ऑगस्टच्या सुमाराला आलं आणि ब्रिटनच्या यादीत ६०व्या क्रमांकावर थांबलं. मग नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम, याने त्याचा वेग वाढवून रीमिक्स केला आणि १९९८च्या फेब्रुवारीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. जगाला ठाऊक आहे तो रीमिक्स. मला मूळचं आवडतं, ते सावकाश चालणारं, तीन कॉर्डचं, दुपारी पंख्याखाली पडल्यासारखं.

पडद्यावर दुसरं कुणी ओठ हलवतं आणि मागून आशाताई गातात, या व्यवस्थेचंच ते गाणं आहे. त्यात लताबाई येतात, रफीसाहेब येतात, आकाशवाणी येते, टू-इन-वन येतो. टू-इन-वन! आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी होता तो. रेडिओ आणि टेप एकत्र, एक बटण तुटलेलं, ते दाबायला आई चमच्याचा दांडा वापरायची. माझ्या घरातली वस्तू इंग्लंडच्या गाण्यात येते याचं मला काय वाटलं ते आज सांगूनही कळणार नाही. तोवर मी ज्या संगीतावर जीव टाकत होतो, त्यात माझ्या घराला जागा नव्हती. बसमध्ये कानात एक जग, घरी फळीवर दुसरं. आणि ह्या माणसाने इंग्लंडचा रॉक गायक मार्क बोलन आणि लताबाई एकाच गाण्यात, एकाच जिव्हाळ्याने बसवले होते.

टीव्हीवर गाणं लागलं तेव्हा आई भाजी निवडत होती. मान वर करून म्हणाली, “आशाचं नाव घेतोय का रे हा?” मी हो म्हटलं. अर्थ सांगितला. ती म्हणाली, “बरं केलं. सगळे लताचंच घेतात.” आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. थोड्या वेळाने मी ऐकलं, ती त्या तीन कॉर्डवर आशाताईंचं एक जुनं मराठी गाणं गुणगुणत होती. बसत होतं. पुरतं नाही, पण बसत होतं. वडील व्हरांड्यातून आत आले, दारात उभे राहून ऐकत राहिले. गिरणी बंद पडल्यापासून ते त्या वेळी आत येऊन बसत नसत.

२०१४ साली आई पुण्याला माझ्याकडे राहायला होती, तेव्हा तिला स्टुडिओत नेलं. हेडफोनमध्ये ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ लावलं आणि म्हटलं, त्या दिवशी गात होतीस ते गा. तिला आठवत नव्हतं. मग आठवलं. एकच टेक झाला, खुर्चीत बसूनच, पदर हातात धरून. घरच्यासाठी केलेली गोष्ट, ती कुठे प्रसिद्ध करायची नाही.

तू पाहिलंयस ते फोल्डर, वर फक्त ‘आई’ लिहिलेलं आहे. फाइल उघडली तर दिसेल, तिचा आवाज प्रत्येक ओळीला ठेक्याच्या किंचित मागे येतो. स्क्रीनवर ते अंतर बोटभर दिसतं. मी तो सरकवलेला नाही.